लोखंडी बैलांचा पोळा

सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे. त्याला जोडून येणाऱ्या सुट्टीत अमेरिकेतली मराठी कुटुंबं साधारण तीनपैकी एक गोष्ट करतात. ज्यांनी नायगारा पाहिलेला नाही ते नायगारा पाहतात, ज्यांनी पाहिला आहे ते देशातून आलेल्या आईवडिलांना दाखवतात, आणि ज्यांचे आईवडीलही दोनदा पाहून बसले आहेत ते कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये गणपतीच्या आरतीला जातात. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहणारं एक बार्शीकर कुटुंब मात्र दीड दिवसाच्या गणपतीचं मागच्या अंगणात बादलीत विसर्जन करून थेट आयोवाच्या रस्त्याला लागलं. शंभर वर्षांपूर्वीची वाफेची इंजिनं बघायला.

हा बेत नानांचा. नाना एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. घरची शेती जिरायत, विहिरीवर एकेकाळी ऑइल इंजिन. अमेरिकेत आल्यापासून त्यांना बरंच काही दाखवून झालं होतं. नायगाऱ्याबद्दल त्यांचं मत होतं, "पाणी वरून खाली पडतं. बार्शीत पडत नाही, म्हणून बघायला बरं." शिकागोच्या उंच इमारतींबद्दल त्यांना मतच नव्हतं. पण एके दिवशी नातवाच्या टॅबवर कोणीतरी काळंकभिन्न, धुरकट, लोखंडी धूड शेतात चालवताना दिसलं आणि नाना जेवणाचं ताट सरकवून उठले. "हे कुठं हाय?"

हे होतं आयोवातल्या माउंट प्लेझंट गावी. तिथे १९५० पासून दरवर्षी लेबर डेच्या सुमारास पाच दिवसांचा मेळा भरतो. त्याचं नाव 'मिडवेस्ट ओल्ड थ्रेशर्स रीयुनियन', म्हणजे जुन्या मळणीवाल्यांचं संमेलन. पन्नासच्या सुमारास वाफेची इंजिनं रानातून हद्दपार झाली होती. दुसऱ्या महायुद्धात तर पोलादासाठी कित्येक भंगारात गेली होती. ज्यांनी तरुणपणी त्यांच्यावर घाम गाळला होता त्या मंडळींना वाटलं, उरलेली निदान वर्षातून एकदा पेटवून बघू. ती वर्षातून एकदा अजून पेटतात.

चिरंजीवांनी नकाशा काढला. सूनबाईंनी कूलर भरला. नानांच्या पत्नी माईंनी मात्र त्या कूलरवर विश्वास न ठेवता वेगळी पिशवी भरली: धपाटी, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उरलेले मोदक आणि 'लागलं तर असावं' या सदरात मोडणारं बाकी सगळं. चौदा वर्षांच्या थोरल्याने कानात इअरफोन खुपसले. नऊ वर्षांच्या धाकटीने पहिल्या दहा मिनिटांत "अजून किती लांब?" विचारून खातं उघडलं.

इलिनॉयमध्ये शहर संपलं की मका सुरू होतो. सप्टेंबरात तो माणसाच्या डोक्यावर दीड हात वाढलेला असतो, त्यामुळे निसर्गशोभा म्हणजे डावीकडे मक्याची भिंत आणि उजवीकडे मक्याची भिंत. "बाहेर बघा रे पोरांनो," असं सूनबाई अधूनमधून म्हणत होत्या. पोरं बघत होती. मका होता. नाना मात्र काचेला नाक लावून बसले होते आणि दर दोन-चार मैलांनी एकच प्रश्न विचारत होते, "ह्यात आंतरपीक का घेत नाहीत?" चिरंजीव संगणकातले असल्याने त्यांना मका आणि आंतरपीक हे दोन्ही विषय सारखेच परके होते. हा महामार्ग रोनाल्ड रेगन यांच्या नावाचा, रेगन यांचं बालपण वाटेवरच्या डिक्सनमध्ये गेलं, ही माहिती त्यांनी दिली. गाडीतल्या एकाही माणसाने त्यावर पुढचा प्रश्न विचारला नाही.

डिक्सनहून थोडं आडवाटेला, रॉक नदीच्या वळणावर ग्रँड डीटूर नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथे पहिला मुक्काम, तासाभराचा. जॉन डिअर नावाचा व्हरमाँटचा एक लोहार कर्जबाजारी होऊन १८३६ मध्ये या गावात आला. ("देणी चुकवून पळाला म्हणा की," माई.) त्याने इथे भट्टी टाकली. गिऱ्हाइकांची तक्रार एकच: पूर्वेकडून आणलेले नांगर इथल्या काळ्या, चिकट मातीत चालत नाहीत. चार पावलं गेलं की फाळाला माती लपेटते, थांबून खरवडावी लागते, पुन्हा चार पावलं. डिअरने १८३७ मध्ये लाकडाच्या गिरणीतलं तुटकं करवतीचं पातं घेतलं, त्याला बाक दिला आणि घासूनपुसून लखलखीत केलं. त्या गुळगुळीत पोलादावरून माती आपोआप घसरायला लागली.

मार्गदर्शक बाई हे सांगत असताना नाना मधूनमधून अशा काही माना हलवत होते की तिला वाटलं, आजोबांना इंग्रजी उत्तम येतं. इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. काळं रान आणि पावसाळ्यात पायाला चिकटून वर येणारी दोन-दोन किलो माती हा बार्शीकराला दुभाष्याशिवाय समजणारा विषय आहे. डिअरच्या मूळ भट्टीची जागा १९६२ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी उकरून काढली, ती आता छपराखाली जपून ठेवलेली आहे. शेजारी उभारलेल्या नव्या भट्टीत एक लोहार लोखंड तापवून दाखवतो. नानांनी त्याचं काम बराच वेळ निरखलं आणि निकाल दिला, "हात चांगला हाय."

नांगराच्या गोष्टीत आणखी एक मजा आहे, ती ग्रँड डीटूरला कोणी सांगत नाही. डिअरच्याही आधी, १७९७ मध्ये न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं होतं. पण शेतकरी तो हाती धरेनात. लोखंडाने जमीन विषारी होते, रान तणाने भरतं, अशी त्यांची खात्री. पुढे शंभरावर वर्षांनी, १९०३ मध्ये, बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी काय म्हणावं? लोखंडाने जमीन नासते. सुरुवातीला तो नांगर घ्यायला कोणी धजेना. मग तोच नांगर इतका खपला की १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नानांच्या वडिलांकडे किर्लोस्करांचा नांगर होता. जमीन नासल्याची नोंद नाही. पाऊस मात्र तेव्हाही नव्हता.

पुढे मोलीन. डिअरने १८४८ मध्ये धंदा इथे हलवला, कारण इथे मिसिसिपी नदी, म्हणजे पाण्याची शक्ती आणि मालाची वाहतूक दोन्ही. कंपनीची मुख्य कचेरी ईरो सारिनेन या नामवंत वास्तुविशारदाने आखली, ती १९६४ मध्ये पुरी झाली. तिचं पोलाद मुद्दाम गंजू दिलेलं आहे. वरचा गंजच आतल्या धातूचं रक्षण करतो, असं ते खास पोलाद. चिरंजीवांनी हे कौतुकाने सांगितलं. नानांनी गाडीची काच खाली करून त्या तपकिरी इमारतीकडे पाहिलं आणि विचारलं, "रेड ऑक्साइडचा हात मारायला काय झालं होतं?" उभी हयात एसटीचे पत्रे गंजण्यापासून वाचवण्यात घालवलेल्या माणसाला आधुनिक वास्तुकला समजावून सांगणं सोपं नाही.

कंपनीच्या प्रदर्शनात मुलं घराएवढ्या कंबाइनच्या केबिनमध्ये चढली. आजकाल हे यंत्र उपग्रहाच्या इशाऱ्यावर आपली ओळ आपण धरतं, चालकाने नुसतं बसायचं. थोरल्याने प्रथमच इअरफोन काढला. नानांना त्यात फारसा रस नव्हता. त्यांनी तिथल्या एका कर्मचाऱ्याला गाठून याच कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे ही बातमी दिली. त्या माणसाला ती आधीच ठाऊक होती, पण त्याने तसं दाखवलं नाही. आयोवा-इलिनॉयची माणसं सभ्य असतात.

मिसिसिपी ओलांडली की आयोवा, आणि आयोवात शिरताच वॉलकॉट इथे 'आयोवा ८०' हा ट्रकवाल्यांचा थांबा. १९६४ पासूनचा हा थांबा स्वतःला जगातला सर्वांत मोठा म्हणवतो. ट्रकवाल्यांसाठी इथे न्हावी आहे, धुलाईयंत्रं आहेत, सिनेमा आहे, दातांचा डॉक्टर आहे आणि मणके बसवून देणाराही आहे. नाना डोळे विस्फारून फिरले. "कुर्डुवाडी स्टँडला एवढं असतं," ते म्हणाले, "तर आमच्या ड्रायव्हर लोकांनी घरी जायचंच सोडलं असतं." माईंनी चहा घेतला, तो चहा आहे हे मान्य करायला नकार दिला आणि थर्मास उघडला.

मेळ्याचं मैदान दिसण्याआधी ऐकू येतं. शिट्टी एक नसते, दहा-बारा वेगवेगळ्या सुरांच्या शिट्ट्या एकमेकींवर कुरघोडी करत असतात. वाफेच्या जमान्यात ती मळणीवाल्यांची बोली होती. पाणी संपत आलं की पाणीवाल्याला एक हाक, पेंढ्यांची गाडी मागे पडली की तिला दुसरी. आता पाणी नळाने येतं आणि शिट्टी लहान मुलांना वाजवायला देतात, त्यामुळे मैदानात संध्याकाळपर्यंत तातडीच्या मागण्यांचा गदारोळ चालू असतो आणि कोणीही दखल घेत नाही.

मग धूर. मग तेल, कोळसा आणि तापलेला रंग यांचा एकत्रित वास, ज्याने सूनबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि नानांनी छाती भरून घेतली.

मैदानात ओळीने उभी होती ती ट्रॅक्शन इंजिनं, म्हणजे रूळ सोडून रस्त्यावर आलेले आगगाडीचे चुलतभाऊ. पुढे आडवा बॉयलर, मागे पुरुषभर उंचीची लोखंडी चाकं, बाजूला भलंमोठं फ्लायव्हील, वर धुराडं. वजन सहज दहा टनांच्या घरात, वेग माणसाच्या चालीचा. अशी धुडं लाकडी पुलांवरून नेताना पुलासकट ओढ्यात कोसळल्याच्या कितीतरी घटना त्या काळी घडल्या. वाफेची सर्वांत जास्त इंजिनं केली ती विस्कॉन्सिनमधल्या रेसीनच्या जे. आय. केस कंपनीने. पहिलं १८६९ मध्ये आणि एकूण ३५ हजारांहून अधिक. केसच्या इंजिनावर गरुडाचं चित्र असतं. हा गरुड काल्पनिक नाही. 'ओल्ड एब' नावाचा हा पक्षी अमेरिकेच्या यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या आठव्या पलटणीबरोबर रणांगणावर होता. धाकटीला इंजिनापेक्षा गरुड आवडला. तो युद्धात मेला नाही याची खात्री करून घेतल्यावरच ती पुढे सरकली.

एका केस इंजिनावर पट्ट्यापट्ट्यांची टोपी घातलेला साठीतला गडी काजळलेल्या हातांनी तेलाची कुपी फिरवत होता. नाना त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. थोरल्याला दुभाष्या म्हणून पुढे ढकलण्यात आलं. पहिली दोन वाक्यं त्याने तर्जुमा केली, तिसऱ्याला तो अडखळला आणि चौथ्यापर्यंत त्याची गरज उरली नव्हती. नानांनी बॉयलरवरच्या उभ्या काचेच्या नळीकडे बोट दाखवलं. गड्याने मान डोलावली. नानांनी बोट खाली नेलं, भुवया उंचावल्या. गड्याने दोन्ही हात फाकवून तोंडाने स्फोटाचा आवाज काढला. संभाषण रंगलं.

ते असं होतं. भट्टीच्या वरचा पत्रा सतत पाण्याखाली बुडालेला राहिला पाहिजे. पाणी घटून तो उघडा पडला की काही मिनिटांत लाल होतो, मऊ पडतो, आणि आतल्या दाबाने फाटतो. पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाला सोळाशेपटीहून अधिक जागा मागते, त्यामुळे फाटलेला बॉयलर नुसता फुटत नाही, उडतो. म्हणून त्या पत्र्यात कथलाच्या गाभ्याचं एक बूच बसवतात. पत्रा प्रमाणाबाहेर तापला की कथील वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि माणूस सावध होतो. हे सगळं असूनही ओहायोमध्ये मेडिना इथे २९ जुलै २००१ रोजी जत्रेच्या मैदानावर केस कंपनीच्या एका जुन्या इंजिनाचा स्फोट होऊन पाच जण दगावले. त्यानंतर ठिकठिकाणी हौशी इंजिनवाल्यांच्या बॉयलरची तपासणी कडक झाली. गड्याने हे सांगितलं तेव्हा तो हसत नव्हता. थोरल्याने ते नीट मराठीत सांगितलं, आणि सूनबाईंनी धाकटीला हळूच दोन पावलं मागे ओढलं.

नानांना वर चढायला मिळालं. गड्याने एक दांडा दाखवून ढकलायला लावला. इंजिन हुंकारलं आणि पाऊलभर पुढे सरकलं. चिरंजीवांनी फोटो काढला. त्यात नानांचा चेहरा दिसत नाही, कारण नेमकी तेव्हाच वाफ सुटली. तरी तो फोटो आता बार्शीतल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आहे.

दुपारी मळणी. हा मेळ्याचा गाभा. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला लाकूड-पत्र्याचं मळणीयंत्र, आणि दोघांमध्ये शंभर-सव्वाशे फुटांचा सपाट पट्टा, मध्ये एक पीळ दिलेला. इतकं अंतर कशासाठी? तर धुराड्यातून ठिणग्या उडतात आणि यंत्रातून काड. दोघांची गाठ पडली तर वर्षाचं पीक, यंत्र आणि शेजाऱ्याचं खळं एकदम जातं. पीळ दिला की तो लांबलचक पट्टा वाऱ्यावर फारसा फडफडत नाही, चाकावरून निसटत नाही. चिरंजीवांनी विचारलं, पट्टा इतका सरळ कसा बसवतात? बसवत नाहीत. इंजिनवाला ते दहा टनांचं धूड नजरेच्या अंदाजाने मागेपुढे करून यंत्राच्या रेषेत आणतो. जुन्या काळी हे एका दमात जमणाऱ्याला पंचक्रोशीत मान असे.

पट्टा फिरला. यंत्र थरथरलं, मग घुमायला लागलं. दोन जण गाडीवरून गव्हाच्या पेंढ्या टाकू लागले, तोंडाशी पेंढी गडप, आत दात्यांचा लोखंडी ढोल मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेत असतो. एका बाजूने पिशवीत गहू, दुसरीकडच्या लांब नळकांड्यातून आभाळात काड. काही मिनिटांत काडाचा ढीग माणसापेक्षा उंच झाला आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर भुसा पडायला लागला. माईंनी पदर घेतला. तेवढ्यानेच त्या सगळ्या मैदानात एकट्या वेळेवर सावध झालेल्या ठरल्या.

नानांनी नातवंडांना शेजारी बसवून हिशेब मांडला. बार्शीला त्यांच्या लहानपणी ज्वारीची मळणी कशी व्हायची? शेणाने सारवलेलं खळं. मधोमध तिवडा, त्याला बांधलेली बैलांची पात, बैलांच्या तोंडाला मुसकी. कणसं तुडवत दिवसभर गोल. मग वावडीवर उभं राहून सुपाने उफणायचं, दाणे खाली, भुसकट लांब. आणि वारा पडला तर? "तर बसायचं." किती वेळ? "वारा सुटंपर्यंत." थोरल्याला ही कल्पना फार आवडली. वारा नाही म्हणून काम नाही असा ऑफिसचा नियम त्याने वडिलांना सुचवला.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी होती. हे यंत्र एका शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचं. म्हणून दहा-पंधरा शेतकरी मिळून 'थ्रेशिंग रिंग' करत. यंत्र आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या, आणि सगळ्यांनी सगळ्यांकडे राबायचं. ज्याच्या घरी मळणी त्याच्या बायकोने वीस-पंचवीस राकट माणसांना जेवू घालायचं. आपल्याकडे याला सावड म्हणतात, नांगरटीची असेल तर इर्जिक. माईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वीस-पंचवीस जणांना रांधणाऱ्या बायकांचं संमेलन कुठं भरतं?" तसं वेगळं संमेलन भरत नाही. मैदानावर चर्चच्या मंडळींचे जेवणाचे तंबू असतात, हाच काय तो त्या परंपरेचा वारसा. कंबाइन आलं, एकट्या माणसाने कापणी-मळणी एकदम होऊ लागली, आणि रिंगा मोडल्या. रिंगा मोडल्या, इंजिनंही भंगारात गेली. संमेलनात जपलंय ते मात्र इंजिन.

तंबूतल्या जेवणात डुकराचं मांस नसलेला पदार्थ शोधायला अर्धा तास गेला आणि शेवटी तो 'पाय' नावाचा गोड पदार्थ निघाला. बाकीचं जेवण झाडाखाली धपाटी आणि चटणीचं झालं. आयोवाचं भाजलेलं कणीस लोण्यात बुचकळून देतात. माईंच्या 'लागलं तर असावं' पिशवीतून तिखट, मीठ आणि लिंबू निघालं, तेव्हा सूनबाईंनी त्या पिशवीबद्दल सकाळी जे जे म्हटलं होतं ते मनातल्या मनात मागे घेतलं.

सूनबाईंना खरी गंमत वाटली ती छोट्या इंजिनांच्या गल्लीत. तिथे मेटॅगची जुनी धुलाईयंत्रं होती. आयोवातल्या न्यूटनची ही कंपनी मुळात मळणीयंत्राला पेंढ्या पुरवणारं उपकरण करायची. शेतीच्या अवजारांचा धंदा हंगामी, म्हणून १९०७ मध्ये तिने कपडे धुण्याचं यंत्र काढलं. पण खेड्यांत वीज कुठे होती? मग तिने यंत्राखाली पेट्रोलचं इंजिन बसवलं. पायाने किक मारायची आणि कपडे धुवायचे. मालकाने सूनबाईंना किक मारून बघा म्हटलं. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्यालाही नाही. तेवढ्यात नाना म्हणाले, "तिरकी कर जरा." त्यांना सवय बजाज स्कूटरची. यंत्र तिरकं न करताच तिसऱ्या किकला फटफटलं आणि सूनबाईंनी दोन्ही हात वर केले. धुराने भरलेल्या मोरीत कपडे धुण्याचं सुख आयोवातल्या बायकांनी काही वर्षं खरोखर घेतलेलं आहे.

शेजारी एक बुटकं इंजिन आइस्क्रीमचं भांडं फिरवत होतं. त्याचा आवाज ऐकून नाना थबकले. फट्ट! मग फुस, फुस, फुस, फुस. पुन्हा फट्ट! "मिसफायर मारतंय," नाना म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. मारत नव्हतं. ही 'हिट अँड मिस' जातीची इंजिनं. पुरेसा वेग आला की गव्हर्नर बाहेरची झडप उघडीच धरून ठेवतो, आत पेट्रोल येत नाही, चाक आपल्याच जोरावर फिरत राहतं. वेग घटला की झडप सुटते आणि एक बार उडतो. काम जास्त तर बार जास्त, काम नाही तर आराम. नानांनी ते समजून घेतलं, पण त्यांच्यातल्या मेकॅनिकला स्वस्थता नव्हती. आइस्क्रीम खाताना दर फुसला त्यांचा चेहरा कसानुसा व्हायचा. एवढा वेळ बार न उडणारं इंजिन त्यांनी आयुष्यात दुरुस्त केल्याशिवाय सोडलेलं नव्हतं.

ऊन चढलं होतं. मैदानाच्या कडेला एका इंजिनाला जोडलेला प्रचंड पत्र्याच्या पात्यांचा पंखा गरगरत होता आणि त्यासमोर बरीच गर्दी होती. माई तिथे खुर्ची टाकून बसल्या. नंतर कळलं की तो बेकर फॅन. इंजिनाची ताकद जोखायची तर त्याच्यावर भार हवा, तो भार म्हणजे हा पंखा. हवा ढवळण्यात किती दम लागतो त्यावरून इंजिन जोखायचं. वारा हे त्याचं टाकाऊ उत्पादन. माई म्हणाल्या, दिवसभरात पाहिलेलं हे एकच यंत्र कामाचं.

मग 'कॅव्हलकेड ऑफ पॉवर', म्हणजे मिरवणूक. एकेक इंजिन, एकेक ट्रॅक्टर प्रेक्षकांसमोरून जातं आणि निवेदक प्रत्येकाची कुळकथा सांगतो. दोन सिलिंडरचे हिरवे जुने डिअर ट्रॅक्टर पट-पट-पट करत आले. लाल फारमॉल आले. रुमेलीचं ऑइलपुल चौकोनी मनोऱ्यातून धूर सोडत आलं. मालकांनी पितळ असं घासलं होतं की डोळे दिपावेत, धुराड्यांना झेंडे, चाकांच्या आऱ्या रंगवलेल्या. बायका-पोरं शेजारी बसलेली. नाना टाळ्या वाजवता वाजवता मध्येच म्हणाले, "पोळा हाय हा." आणि खरंच होतं. शिंगं रंगवलेली, झूल घातलेली, मालक अभिमानाने फुगलेला, कोणाची जोडी उजवी यावरून बाजूच्या बाकावर वाद. फक्त पोळ्याच्या दिवशी बैलाला काम नसतं, इथे बैलाला वर्षात तेवढंच पाच दिवस काम.

संध्याकाळी गाडीची वेळ. मैदानाला वळसा घालून तीन फूट रुंदीच्या रुळांवरून वाफेची छोटी आगगाडी धावते. नाना डब्यात चढण्याआधी वाकून रूळ बघत होते. बार्शी लाइट याहून सहा इंच अरुंद, अडीच फुटांची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने १८९७ मध्ये ती सुरू केली, आणि डब्यांची, रुळांची जी काटेकोर आखणी त्याने बार्शीसाठी केली ती पुढे इतर देशांतल्या अरुंद रुळांनाही उपयोगी पडली. पंढरीच्या वारकऱ्यांना डब्यांत कोंबून नेणाऱ्या त्या गाडीच्या मागे पळत जाऊन नाना लहानपणी चढत. "धावत्या गाडीत?" थोरल्याने विचारलं. "ती धावत होती असं कुणी सांगितलं?"

माईंना मैदानातली ट्राम आवडली. रिओ दि जानेरोहून आलेली, बाजूंनी उघडी, लाकडी बाकांची. त्यांचं माहेर परळचं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली, तेव्हा त्या वडिलांच्या खांद्यावर बसून ती बघायला गेल्या होत्या. आयोवाच्या शेतात ब्राझीलच्या ट्राममध्ये बसून त्यांनी धाकटीला किंग्ज सर्कलपर्यंतचे थांबे म्हणून दाखवले. दोन फेऱ्या झाल्या, तिसरीला त्यांनी नानांना खालीच ठेवलं.

खाली नाना रिकामे नव्हते. टोपीवाला गडी पुन्हा भेटला होता आणि थोरल्याला काहीतरी सांगत होता. मिनेसोटातल्या रोलॅगलाही लेबर डेला असाच मेळा भरतो, १९५४ पासून. शिवाय तिथे जूनमध्ये वाफेची इंजिनं चालवायची रीतसर शाळा असते. बॉयलर कसा पेटवायचा, पाणी कसं राखायचं, सगळं शिकवतात. थोरल्याने फोनवर पान शोधूनही ठेवलं होतं. इअरफोन मोलीनपासून खिशातच होता.

"जूनमध्ये कसं जमायचं?" नाना उसासा टाकून म्हणाले. "पेरणीचे दिवस."

ट्राममधून उतरत माई म्हणाल्या, "अहो, शेत बटईनं दिलंय. तुम्ही काय पेरणार?"

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी चिरंजीवांना बाजूला घेतलं आणि मिनेसोटाला जाताना वाटेत नायगारा लागतो का, तेवढं विचारून घेतलं. लागत नाही म्हटल्यावर त्यांची हरकत राहिली नाही.